बिननावाचे शहर, न संपणारी रात्र

प्रवास म्हटला की तिकीट आले, सामान आले, हॉटेलची चौकशी आली. पण एक शहर असे आहे की जिथे जायला यांतले काहीच लागत नाही. या शहराला रेल्वे स्टेशन नाही, विमानतळ नाही, इतकेच काय, त्याला नावही नाही. तिथले रहिवासी त्याला नुसते 'शहर' म्हणतात. बहुतेक वेळा तिथे रात्रच असते. दगडी फरसबंदीचे बोळ, भिंतीवर फडफडणाऱ्या मशाली, कोपऱ्यावर गुणगुणत उभा असलेला पहारेकरी आणि वाड्यांच्या खिडक्यांतून दिसणारा पिवळा उजेड. 1998 सालापासून जगभरातली माणसे या शहरात जात आहेत, आणि नवल असे की, ज्यांनी ते वसवले त्यांनी केव्हाच गाशा गुंडाळला, तरी शहर अजून वाढतेच आहे.

हे शहर आहे संगणकाच्या पडद्यावर. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज नावाचे गाव आहे. तिथल्या 'लुकिंग ग्लास स्टुडिओज' या कंपनीने 1998 च्या अखेरीस 'थीफ : द डार्क प्रोजेक्ट' हा खेळ बाजारात आणला. नायक गॅरेट. पेशाने चोर, स्वभावाने तुसडा, बोलणे तिरकस. स्टीफन रसेल या नटाने त्याला दिलेला आवाज चाहत्यांच्या कानांत आजही घुमतो. त्या काळी पात्राच्या डोळ्यांनी जग दाखवणाऱ्या खेळांत हाती बंदूक असायची आणि समोर येईल त्याला लोळवायचे असायचे. 'थीफ'ने हा शिरस्ता उलटा केला. इथे मारामारी करणारा हमखास हरतो. खरे हत्यार म्हणजे अंधार, आणि खरा गुण म्हणजे सबुरी.

शहराचे कायदेकानून

कुठल्याही परक्या गावी जाताना तिथली रीत आधी समजून घ्यावी. या शहराचा पहिला कायदा उजेडाचा. पडद्याच्या तळाशी एक मणी असतो. माणूस उजेडात आला की मणी झळकतो, अंधारात शिरला की काळवंडतो. मणी काळा असेल तर पहारेकरी हातभर अंतरावरून निघून जातो आणि त्याला पत्ताही लागत नाही.

दुसरा कायदा आवाजाचा. गालिच्यावरून, गवतावरून चालावे. फरशीवर आणि लोखंडी जाळीवर पाऊल वाजते. एरिक ब्रोशियस याने या शहराचे आवाज असे रचले, की भिंतीपलीकडचा पहारेकरी किती दूर आहे, कुठल्या दिशेने चालला आहे, हे निव्वळ कानांनी कळावे. म्हणूनच जाणकार सांगतात, की या शहरात जाताना कानाला हेडफोन हवाच.

सामानही वेगळेच. मशाल विझवायला पाण्याचा बाण. वाजणाऱ्या फरशीवर मऊ शेवाळ पसरवायला शेवाळाचा बाण. लाकडी तुळईत रुतून दोर खाली सोडणारा दोराचा बाण. शिवाय कुलूप उघडण्याचे आकडे, आणि पाठीमागून हळूच टोला देऊन पहारेकऱ्याला झोपवणारा आखूड सोटा. तलवारही असते, पण ती म्यानातच राहिली तर प्रवास चांगला झाला असे समजावे. खेळाच्या सर्वांत अवघड पातळीवर तर माणसाचा जीव घेण्यास साफ मनाई आहे. एकाचा जीव गेला की मोहीम तिथेच फसली.

पहिली ओळख व्हावी ती बॅफर्ड सरदाराच्या वाड्याची. लक्ष्य आहे रत्नजडित राजदंड. पुढच्या दरवाजावर पहारा, म्हणून शहाणा पाहुणा बाजूच्या विहिरीतून तळघरात शिरतो. दारावरचे पहारेकरी अस्वलांच्या झुंजींत आता पूर्वीसारखी मजा राहिली नाही, अशी कुरकुर करत असतात. ऐकणाऱ्याला वाटते, अरे, या माणसांनाही संसार आहे, तक्रारी आहेत! एवढ्या एका संभाषणाने ते शहर खरे होऊन जाते. 2000 च्या मार्चमध्ये आलेल्या दुसऱ्या भागात तर गॅरेट घरांच्या छपरांवरून उड्या मारत एंजलवॉच नावाच्या उत्तुंग इमारतीतल्या मेजवानीला पोचतो. वाटेत कुणाच्या पोटमाळ्यात डोकावावे, कुणाची पत्रे वाचावीत. रमतगमत गेले तर संध्याकाळ पुरत नाही.

नगरपालिका बुडाली, रहिवासी उठले नाहीत

आणि मग घाव बसला. 2000 च्या मे महिन्यात लुकिंग ग्लास कंपनी बंद पडली. दुसरा भाग दुकानांत येऊन पुरते तीन महिनेही झाले नव्हते. एखाद्या गावची नगरपालिका दिवाळखोरीत निघावी, दिवाबत्ती करणारे कर्मचारी घरी जावेत आणि रस्ते अर्धवट राहावेत, तशीच ही अवस्था. अशा वेळी गाव उठते. हे उठले नाही.

याचे कारण जाता जाता कंपनीने केलेली एक उदार गोष्ट. ज्या साधनाने कारागिरांनी हे शहर रचले होते, ते 'ड्रोमएड' नावाचे साधन 1999 मध्येच सर्वांसाठी खुले झाले होते. ज्याला हौस असेल त्याने स्वतःचा वाडा बांधावा, स्वतःची गल्ली काढावी, तिथे पहारेकरी नेमावेत आणि इतरांना चोरीचे आमंत्रण द्यावे! चाहत्यांनी रचलेल्या या नव्या प्रकरणांना 'फॅन मिशन' म्हणतात. मराठीत 'हौशी मोहीम' म्हणायला हरकत नाही.

हे बांधकाम मोठे गमतीचे आहे. घर बांधताना आपण मोकळ्या जागेत भिंती उभारतो. ड्रोमएडमध्ये उलटे. सुरुवातीला सारे विश्व म्हणजे एक भरीव शिळा. कारागीर तिच्यातून पोकळी कोरून काढतो. कोरले ते दालन, उरली ती भिंत. वेरूळचे कैलास लेणे ज्याने पाहिले आहे, त्याला ही रीत वेगळी समजावून सांगायला नको. दालने कोरून झाली की प्रत्येक खोलीची हद्द आखून द्यावी लागते, कारण आवाज खोलीतून खोलीत, दारावाटे प्रवास करतो. ही आखणी राहून गेली तर महाल दिसायला कितीही देखणा असो, आवाजाचा मार्गच तुटतो आणि दोन दालने पलीकडचा पहारेकरी बहिरा ठरतो. मग दिवे लावायचे, पहाऱ्याच्या वाटा ठरवायच्या, टेबलांवर चिठ्ठ्या ठेवायच्या. स्वयंपाकिणीने मुदपाकखान्यात लिहून ठेवलेल्या तक्रारीतच तिजोरीच्या किल्लीचा माग दडवायचा. नोकरी-शाळा सांभाळून रात्री बसणाऱ्या माणसाचे एकेका मोहिमेत महिनेच काय, वर्षेही जातात.

मोबदला? एक पैसाही नाही. या मोहिमा फुकट वाटल्या जातात. तरीही आजवर अशा हजाराहून अधिक मोहिमा तयार झाल्या आहेत. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी, रशिया अशा कितीतरी देशांतल्या हातांनी हे एकच शहर वाढवले आहे.

काय पाहावे?

एवढ्या गल्ल्यांत नवखा माणूस हरवणारच. म्हणून जुने प्रवासी ज्या काही वास्तू आवर्जून दाखवतात, त्यांची ही ओळख.

'थीफ 2 एक्स : शॅडोज ऑफ द मेटल एज' हे 2005 मध्ये पुरे झालेले मोठे काम. कंपनी बंद पडल्यावर चाहत्यांच्या एका चमूने पाच वर्षे खपून 13 मोहिमांची सलग कथा उभी केली. नायिका झाया ही परदेशातून शहरात आलेली तरुणी. तिच्या नातलगाचा खून होतो आणि ती सूडाच्या वाटेला लागते. गॅरेटच्या डोळ्यांनी पाहिलेले तेच शहर परक्या बाईच्या डोळ्यांनी किती निराळे दिसते, याची मजा इथे आहे.

'द ब्लॅक परेड' ही 2023 च्या अखेरीस, मूळ खेळाला 25 वर्षे झाली त्या निमित्ताने आलेली 10 मोहिमांची मालिका. हिला सात वर्षे लागली. कथा गॅरेटच्या आधीच्या काळातली. ह्यूम नावाचा गुन्हेगार हद्दपारी भोगून शहरात परततो, इथून ती सुरू होते. हिच्या प्रमुख रचनाकाराचे नाव रोमाँ बारिलिओ. हौसेने शहर कोरणाऱ्या या फ्रेंच तरुणाने आर्केन या नामांकित स्टुडिओत खेळांतील जागा रचण्याचे कामही केले. छंद माणसाला कुठे नेईल, सांगता येत नाही.

ज्यांना मूळ खेळ विकत न घेता नुसती चव पाहायची आहे, त्यांच्यासाठी शेजारचे एक गाव आहे : 'द डार्क मॉड'. ते 2009 मध्ये 'डूम 3' या खेळाच्या आधाराने निघाले आणि 2013 मध्ये स्वतःच्या पायांवर उभे राहिले, म्हणजे कुठलाच खेळ खरेदी न करता चालू लागले. हक्कांचा प्रश्न नको म्हणून इथे गॅरेट नाही, त्याचे शहरही नाही. पण अंधार, पाऊलवाट आणि पाण्याचे बाण तेच. दीडशेहून अधिक मोहिमा इथेही आहेत. सोबत मिळणारी शिकवणी मोहीम आधी करावी, मग 'अ न्यू जॉब' आणि 'टिअर्स ऑफ सेंट ल्युशिया' या दोन मोहिमा घ्याव्यात.

वाटाड्याचा धर्म

हौशी मोहिमेला जाहिरात नसते, दुकान नसते. ती जगते ती एकाने दुसऱ्याला सांगितल्यामुळे. त्यामुळे या मंडळींत शिफारस करण्याचेही एक शास्त्र तयार झाले आहे. मोहीम लहान की मोठी, शहरी की वाड्यातली, भुतेखेते आहेत की नाहीत, वाट सापडायला सोपी की किल्ल्या शोधून डोके दुखेल, एवढे सांगायचे. तिजोरीत काय आहे, ते मात्र सांगायचे नाही. चांगला वाटाड्या दारापर्यंत सोडतो आणि मागे फिरतो.

काही पट्टीचे खेळाडू त्याच मोहिमेत पुन्हा पुन्हा जातात आणि 'भूत' बनून वावरतात. म्हणजे कुणाच्या नजरेस पडायचे नाही, कुणाला झोपवायचे नाही आणि जाताना सारे जागच्या जागी ठेवून यायचे, अर्थात ऐवज सोडून!

घरच्यांसाठी दोन शब्द

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात येईल, की हे चोरीचे धडे कशाला? प्रश्न रास्त आहे. गॅरेट काही आदर्श पुरुष नव्हे, आणि लहान मुलांसाठी हे शहर नाहीच. थडग्यांतून उठणारी प्रेते आणि पछाडलेले मठ मूळ खेळातच आहेत. हौशी कारागिरांनी त्यात भरच घातली आहे. झोपेत दचकणाऱ्यांनी भुते नसलेल्या मोहिमाच विचारून घ्याव्यात. पण मोठ्या मुलांच्या बाबतीत एवढे लक्षात ठेवावे, की इथे घाईला शिक्षा आहे आणि हिंसेला बक्षीस नाही. कान देऊन ऐकणे, थांबणे, नकाशा डोक्यात ठेवणे, दुसऱ्याची चाल ओळखणे यांचाच इथे कस लागतो.

दिवे पुन्हा लागले

मध्यंतरी या शहरावर आणखी एक संकट आले होते. संगणक बदलले, विंडोज बदलली आणि जुना खेळ नव्या यंत्रांवर धड चालेना. ज्यांनी तो दुरुस्त करायचा, ती कंपनीच उरली नव्हती. 'थीफ' हे नाव पुढे इतरांनी चालवले. 2004 मध्ये तिसरा भाग आला, 2014 मध्ये नव्या कंपनीचा नवा खेळ आला. पण 2014 च्या खेळाबरोबर चाहत्यांना बांधकामाची साधने मिळाली नाहीत. जुने शहर अडगळीत जाणार, असे वाटू लागले होते.

पण या नव्या खेळाच्या आधीच, 2012 च्या सप्टेंबरमध्ये एक अजब गोष्ट घडली होती. 'ल कॉर्बो', म्हणजे फ्रेंच भाषेत कावळा, असे टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी जुन्या खेळासाठी एक दुरुस्ती जगापुढे ठेवली. 'न्यूडार्क' म्हणून ती ओळखली जाते. तिने खेळ नव्या संगणकांवर चालू लागला, रुंद पडद्यांवर नीट दिसू लागला आणि कारागिरांवरची जुनी बंधनेही सैल झाली. पूर्वी ज्या विस्ताराचे चौक रचणे अशक्य होते, ते आता रचता येऊ लागले. 'ब्लॅक परेड'सारखे अवाढव्य काम याच पायावर उभे आहे. या माणसाने नाव सांगितले नाही, पैसे मागितले नाहीत. चोरांच्या शहराला कुणी गुपचूप येऊन भरभरून देऊन गेले, असे हे पहिलेच उदाहरण असावे.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, मूळ दोन्ही खेळ आजही विकत मिळतात आणि साध्या संगणकावर चालतात. आधी मूळ खेळाच्या तीन-चार मोहिमा कराव्यात, हात बसला की न्यूडार्कसोबत येणाऱ्या निवडयादीत हौशी मोहिमा भराव्यात आणि छोट्या मोहिमेपासून सुरुवात करावी. रात्रीचे जेवण उरकून, दिवा मालवून बसावे. आणि एखाद्याने वर्ष-दोन वर्षे खपून कोरलेला वाडा आवडला, तर तो आणखी एकाला जरूर सांगावा. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या त्या कारागिराची मजुरी तेवढीच असते.