डाख आणि ध्वनी

‘ध्वनी’ हा शब्द आम्ही वर्गात उच्चारतो तेव्हा समोर असतो तो आनंदवर्धनाचा ‘ध्वन्यालोक’. वाच्यार्थ संपल्यावर उमटत राहणारा व्यंग्यार्थ समजावून सांगताना घंटेच्या अनुरणनाचा दाखला देण्याची प्रथा त्याच ग्रंथापासूनची. घंटा मात्र दृष्टान्तापुरती येते आणि जाते. ती कोणत्या धातूची, कोणी ओतलेली, हे प्रश्न साहित्यशास्त्राच्या तासाला पडत नाहीत. तिथे ‘धातू’ म्हणजे क्रियापदाचे मूळ. गेल्या पावसाळ्यात आम्ही विभागातल्या दोघांनी एक छोटा सिंथेसायझर हाताने जोडायला घेतला, तो खऱ्या धातूतून ध्वनी कसा निघतो हे पाहण्याच्या इच्छेने. हाती लागले ते मराठीविषयीचे एक भान.

आम्ही निवडलेली रचना ‘अटारी पंक कन्सोल’ या नावाने ओळखली जाते. अमेरिकन लेखक फॉरेस्ट मिम्स यांनी ती १९८० मध्ये प्रसिद्ध केली. हे खेळकर नाव तिला पुढे इतरांनी दिले. मिम्स यांचे विज्ञानाचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते. त्यांच्या पुस्तिका त्यांनी स्वहस्ते लिहिलेल्या व रेखाटलेल्या, आणि त्या तशाच छापल्या गेल्या. पोथीची सवय असलेल्या आम्हांला ते हस्ताक्षर परके वाटले नाही. साहित्य पुण्याच्या तपकीर गल्लीत एका फेरीत मिळाले. १४ पायांची ५५६ ही आयसी, ५०० किलोओहमचे दोन पॉट, काही कंडेन्सर आणि रेझिस्टन्स, ८ ओहमचा स्पीकर, ९ व्होल्टची बॅटरी आणि भोकाभोकांची झिरो पीसीबी.

५५६ म्हणजे एका कवचात दोन ५५५. हान्स कामेंझिंड यांनी १९७१ मध्ये रचलेली ही ५५५ आयसी १९७२ मध्ये बाजारात आली. तिचे काम सांगायला सोपे आहे. कंडेन्सर भरत जातो. पुरवठ्याच्या दोन तृतीयांश दाबापर्यंत पोचला की आयसी तो रिकामा करू लागते. एक तृतीयांशवर आला की पुन्हा भरू देते. हे भरणे-ओसरणे सेकंदाला काही शे वेळा झाले की आपल्याला स्वर ऐकू येतो.

हे भाग जोडायचे सोल्डरने. या कामाला मराठीत जुना शब्द आहे, डाख देणे. धातूचे दोन तुकडे वितळलेल्या मिश्रधातूने सांधणाऱ्या कारागिरांचा हा शब्द. आयर्न तापले की त्याच्या टोकावर आधी सोल्डरचा पातळ थर चढवतात, ही कल्हईच. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकतो, त्याने तांब्यापितळेवरचा ऑक्साइडचा थर निघतो आणि कथील धरते. सोल्डरच्या तारेच्या पोटात राळ असते, ती तेच काम करते. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ ला. पण साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसे एकत्र केले की मिश्रण १९० च्या आसपासच वितळते. आयसीचे नाजूक पाय सांधता येतात ते यामुळे.

डाख देण्याची रीत शिकण्यासारखी आहे. आयर्नने सोल्डर वितळवायचे नसते. आयर्नने आयसीचा पाय आणि तांब्याची चकती ही दोन्ही तापवायची, आणि त्या तापलेल्या धातूने सोल्डर आपल्याकडे ओढून घ्यायचे. असा सांधा चकतीवरून पायाकडे उताराने चढतो आणि चकाकतो. एक बाजू थंड राहिली तर सोल्डर थेंबासारखे नुसते वर बसते. दिसायला जोड असतो, वीज मात्र अडते. दुरुस्तीवाले याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात.

मराठी ज्ञानभाषा व्हावी या चर्चेत आम्ही अनेक वर्षे आहोत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केल्यापासून ती चर्चा अधिक उत्साहाने होते. परिभाषेत रेझिस्टरला रोधक, कपॅसिटरला धारित्र असे प्रतिशब्द आहेत. त्यांची घडण निर्दोष आहे. तरी दुकानात धारित्र कोणी मागत नाही. मागतात तो कंडेन्सर, जो खुद्द इंग्रजीत आता मागे पडला आहे. प्रतिशब्द संकल्पनेवर ठेवलेला असतो, पण शब्दाची बाजू तापलेली आणि हाताची थंड, अशी त्याची स्थिती असते. उलट कल्हई, राळ, डाख या शब्दांत उष्णतेचे आणि मिश्रधातूंचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान आहे; ते ज्यांच्या हातांत होते त्यांना विद्येच्या दालनात जागा नव्हती. आमच्या अभ्यासक्रमात हे शब्द येतात ते तळटीपेत, अर्थापुरते.

घडवलेले शब्द मात्र टाकाऊ नव्हेत, हे यंत्र वाजू लागल्यावर कळले. पहिला पॉट फिरवला की स्वर मींडेसारखा सलग सरकतो. दुसरा फिरवला की तो पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. याचे कारण दुसरी ५५५. पहिलीच्या ठोक्याने ती जागी होते आणि पॉटने ठरवलेला काळ संपेपर्यंत मधल्या ठोक्यांना दाद देत नाही. त्यामुळे मूळ वारंवारतेला दोनाने, तिनाने, चाराने भागले जाते. मूळ स्वर षड्ज धरला तर आधी खालचा षड्ज, मग त्याखालच्या सप्तकातला शुद्ध मध्यम, मग त्या सप्तकाचा षड्ज. तंबोऱ्याच्या तारेत गुणाकार ऐकू येतो. तिसऱ्या पटीत पंचम, पाचव्या पटीत स्वयंभू गंधार. इथे भागाकार ऐकू येतो, आणि कितीही पायऱ्या उतरलो तरी त्यात पंचम भेटत नाही.

‘वारंवारता’ हा शब्द आम्हांला आधीही ठाऊक होता. त्या दिवशी बोटांखाली तो स्वराला चिकटला. त्यानंतर त्याच्याऐवजी दुसरा शब्द सुचेना. भाषाविभागाच्या एखाद्या खोलीत एक आयर्न आणि थोडी राळ असावी, असे आता वाटते. ज्ञानभाषेचे ठराव होत राहतीलच. शब्द धरतो तो मात्र दोन्ही बाजू तापल्यावर.