जोगेश्वरी ते माँट्रियल

सहाव्या शतकातील लेण्यांच्या सावलीत, जोगेश्वरी पूर्वेला, संसार केलेले काही आईवडील उतारवयात मुलांकडे माँट्रियलला राहावयास जातात. त्या प्रांताची राजभाषा फ्रेंच. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर मौन, ही अवस्था मनाला तशीच शरीरालाही मानवत नाही.

तयारी येथूनच करावी. न्यू मरीन लाइन्सच्या आलियाँस फ्रान्सेजमध्ये फ्रेंच शिकता येते. जोगेश्वरीहून चर्चगेटची धीमी लोकल पुरते. कोकणी वळणाच्या बोलीत वाढलेल्यांना फ्रेंचचे नाकातले स्वर फारसे परके वाटत नाहीत. ऐकू कमी येत असल्यास निघण्यापूर्वीच कान तपासून घ्यावेत. न ऐकलेला उच्चार जिभेवर येत नाही.

तेथे पोहोचल्यावर मुलांनी जवळचे सार्वजनिक वाचनालय शोधावे. शहरातील अनेक वाचनालयांत फ्रेंच संभाषणाचे विनामूल्य वर्ग भरतात. जागा चालत जाण्याजोगी असावी, कारण हिवाळ्यात बर्फावरून घसरण्याचे भय असते. वर्गात भाषेबरोबर सोबतही लाभते.

पहिले वाक्य मात्र ‘झे माल इसी’, म्हणजे ‘मला येथे दुखते’, हेच पाठ करावे. छातीत कळ येईल तेव्हा दुभाषा मुलगा घरी असेलच असे नाही.