लॅमिंग्टन रोडवर एक शनिवार

वीकेंडला मॉल, मल्टिप्लेक्स, मग कुठेतरी कॉफी... बोअर नाही होत? एक शनिवार ग्रँट रोडला द्या. स्लो लोकल पकडा, पूर्वेला उतरा, पाच-सात मिनिटं चाला, की आलाच आपला लॅमिंग्टन रोड!

पालिकेच्या पाटीवर नाव आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण टॅक्सीवाल्याला ते सांगून बघा! १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन अजून लोकांच्या तोंडातून गेलेले नाहीत. एके काळी हा रस्ता सिनेमावाल्यांचा. नाझच्या आवारात डिस्ट्रिब्युटर्सची ऑफिसं होती आणि मिनर्व्हात ‘शोले’ पाच वर्षं मुक्काम ठोकून होता. आता इथला हिरो म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स. वायर, स्पीकर, सीसीटीव्ही, मदरबोर्ड... आणि गल्लीत शिरलात की दहा बाय दहाची दुकानं, भिंतभर छोटे-छोटे ड्रॉवर.

मी मास कॉमवाली. रेझिस्टर आणि कपॅसिटरमधला फरकही धड माहीत नव्हता. आले ते मावशीमुळे. ती चिपळूणजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी तिने स्वतःच्या पैशांनी एक तयार अर्डुइनो बोर्ड घेतला. सातवीतल्या एका पोराने बॅटरी उलटी जोडली. धूर आला, बोर्ड गेला. कोणी ओरडलं नाही, पण पोरगा त्या दिवसापासून टेबलाजवळ येईना. ‘‘दहा बोर्ड हवेत गं, पाच हजारांत. आणि जळले तरी रडू येणार नाही असे,’’ मावशी फोनवर म्हणाली.

आता थोडं फ्लॅशबॅक. अर्डुइनोचा जन्म २००५ मधला, इटलीतल्या इव्रिया गावातल्या डिझाइन शाळेत. त्याआधी २००३ मध्ये तिथल्याच हर्नांदो बारागान या विद्यार्थ्याने ‘वायरिंग’ नावाचा बोर्ड बनवला होता, त्याच पायावर हा उभा राहिला. शाळा बंद व्हायच्या बेतात होती, म्हणून मंडळींनी डिझाइन सगळ्यांसाठी खुलं करून टाकलं. नाव उचललं गावातल्या बारचं आणि बारचं नाव होतं हजार वर्षांपूर्वीच्या अर्डुइन राजाचं! आपल्याकडेही दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरने असाच खुला ‘एक्सपआइज’ बनवलाय, शाळा-कॉलेजच्या प्रयोगांसाठी. खुलं म्हणजे काय, तर नकाशा घ्या आणि स्वतः बनवा. कोणी अडवणार नाही.

नकाशाची प्रिंट घेऊन एका काउंटरवर उभी राहिले. काकांनी चष्म्यावरून बघितलं.

‘‘मॅडम, कॉलेज प्रोजेक्ट?’’

‘‘नाही काका, सातवीच्या मुलांसाठी.’’

मग त्यांचा सूरच बदलला. ‘‘महागडी चिप कशाला? एटीमेगा८ घ्या. सुरुवातीच्या अर्डुइनोवर हीच होती. मेमरी कमी, पण पोरांना दिवे लावायला पुष्कळ.’’ एकेक ड्रॉवर उघडत गेला : अठ्ठावीस पायांचा आयसी बेस, सोळा मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, बावीस पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर, दहा के रेझिस्टर, पाच व्होल्ट देणारा ७८०५, झिरो पीसीबी. ‘‘चिप कधी सोल्डर करायची नाही, बेसमध्ये बसवायची. जळली तर काढा, दुसरी लावा.’’ प्रत्येक बोर्डावर यूएसबी नकोच, म्हणाले. एकच कन्व्हर्टर, दहा जणांनी वाटून घ्यायचा. आणि कोऱ्या चिपमध्ये बूटलोडर भरायला एक प्रोग्रॅमर.

मी उलट्या बॅटरीची गोष्ट सांगितली. काका हसले. मुठीत पंधरा-वीस काळे डायोड आले. ‘‘४००७. बॅटरीच्या वाटेत एक टाका. करंट एकाच बाजूने जाणार. उलटी लावली तर काहीच होणार नाही.’’

रुपया-दोन रुपयांचा डायोड, बॉस! आणि त्यापायी एक पोरगा वर्षभर लांब बसला होता.

हिशेब झाला, एका बोर्डाला तीनशेच्या आत. खरं सांगायचं तर तयार क्लोनही साधारण याच भावात मिळतो. मग एवढा खटाटोप का? क्लोनवर बहुतेक वेळा चिप चिकटवलेली असते. बिघडला की कचरा. हा बोर्ड मात्र पोरं स्वतः जोडणार, म्हणजे बिघडला तर स्वतः उघडणारही. उरलेल्या पैशांत सोल्डरिंग आयर्नही बसली.

कटिंग मारली, वडापाव खाल्ला आणि रात्रीची एसटी पकडली. रविवारी शाळेच्या व्हरांड्यात सोल्डरचा वास. दहापैकी सात बोर्ड पहिल्याच दिवशी पेटले, म्हणजे एलईडी हो! उरलेल्या तिघांत कुठे टाका सुटला होता, कुठे चिपच उलटी बसली होती. तो पोरगा आधी खांबाला टेकून बघत होता. मावशीने त्याच्या हातात बॅटरी दिली. ‘‘उलटी लाव.’’ त्याने डोळे मिटून लावली. काही नाही. सुलटी लावली. लाल दिवा लुकलुकला.

‘‘बाई, परत उलटी लावू?’’

संध्याकाळपर्यंत त्याने ती किती वेळा उलटी लावली, मी मोजणं सोडून दिलं.

जाणार असाल तर : शनिवारी सकाळी अकरानंतर जा, रविवारी बरीच दुकानं बंद असतात. पार्टची यादी लिहून न्या. आणि काउंटरवर घाई करू नका, काका लोकांना बोलू द्या.