ठीक आहे

गतवर्षी दिवाळीनंतर सातारा जिल्ह्यातील माझ्या मावशीचा दूरध्वनी आला आणि कुशलप्रश्नाचा नित्याचा उपचार न पाळता ती म्हणाली, "अरे, माझा वर्षाचा हिशेब कुठं गेला?" मावशी गावातील बचत गटाची खजिनदार आहे आणि हप्ते, कर्ज आणि व्याज यांच्या नोंदी ठेवणारे एक लहानसे अँड्रॉइड ॲप मी फावल्या वेळात तिला करून दिले होते, एवढी पूर्वपीठिका पुरे.

सेटिंग्जच्या पानावर 'वर्षाचे दप्तर रिकामे करा' अशी एक ओळ होती. तिला चुकून बोट लागले आणि माझाच मसुदा असलेला प्रश्न पडद्यावर अवतरला: 'या वर्षाच्या सर्व नोंदी रद्द करायच्या का?' खाली दोन बटणे, 'रद्द करा' आणि 'ठीक आहे'. 'कॅन्सल' आणि 'ओके' यांना शिरस्त्याप्रमाणे योजलेले हे प्रतिशब्द नेमक्या त्या प्रश्नाखाली येताच उलटे बोलू लागतील, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. 'रद्द करा' म्हटले तर नोंदी रद्द होतील, आणि आहे ते तर ठीकच आहे, असा सरळ विचार करून, चष्मा सावरून, दोनदा वाचून आणि पुरती खातरजमा करून मावशीने 'ठीक आहे' दाबले. न वाचता दाबले असते तर मी तिला बोल लावला असता. तिने वाचले, हेच मला अद्यापि सलते.

पुसल्या जाणाऱ्या नोंदींची संख्या दाखवणारा, वर्ष हाताने टंकून घेणारा आणि बटणांवर 'नोंदी पुसा' व 'नोंदी ठेवा' असे स्वच्छ मराठी बोलणारा स्वतंत्र डायलॉग रचण्यास मी त्याच रात्री बसलो. सेटिंग्जची जुनी व्यवस्था अँड्रॉइड १० पासून मोडीत निघाली असल्याने अँड्रॉइडएक्स या नव्या व्यवस्थेतील 'डायलॉगप्रेफरन्स'चा आश्रय करणे प्राप्त होते. या व्यवस्थेत पानावरची ओळ निराळी आणि तिचा डायलॉग निराळा. ओळीला बोट लागल्यावर कोणता डायलॉग उघडायचा हे पानाला आपण शिकवावे लागते, न शिकवल्यास हा प्रकार अपरिचित आहे असे सांगून ॲप जागीच कोसळते. मी शिकवले, तरीही ते कोसळले. कारण आपला धनी कोण, हे त्या डायलॉगला 'सेटटार्गेटफ्रॅगमेंट' या आज्ञेने कळवावे लागते, आणि ती आज्ञा लिहिताक्षणीच एडिटर तिच्या नावावर आडवी रेघ ओढतो, कारण ती यापुढे वापरू नये असे त्याच दरबाराचे फर्मान आहे! एका टेबलावरच्या कारकुनाने विवक्षित नमुन्यातच अर्ज मागावा आणि शेजारच्याने तो नमुना बाद झाल्याचे सांगावे, हा अनुभव कचेरीत ज्याने घेतला असेल त्याला माझ्या अवस्थेची कल्पना येईल. तीन रात्री मी फर्मानाशी इमान राखू पाहिले. चौथ्या रात्री रेघ ओढलेली आज्ञाच लिहिली, आणि डायलॉग निमूटपणे उघडला. बाहेर बोट लागले किंवा वापरणारा मागे फिरला तर उत्तर नकारार्थीच धरावे, एवढा शहाणपणा मात्र त्या व्यवस्थेत मुळातच आहे, हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे.

खरे पाहता असे विचारत बसण्यापेक्षा पुसलेल्या नोंदी ३० दिवसांपर्यंत परत मिळण्याची मुभा ठेवणे अधिक श्रेयस्कर. बटणावर क्रियापद लिहा, असा उपदेश मी हल्ली भेटेल त्याला करतो, पण त्यावरही माझा पुरता विश्वास उरलेला नाही. चाचणी घेताना तोच डायलॉग वारंवार उघडून बोट इतके सरावले की एकदा वर्ष टंकून, 'नोंदी पुसा' दाबून, मी माझ्याच घरखर्चाचे दप्तर रिकामे केले. वाचले काहीच नव्हते.

मावशीच्या नोंदी सभासद बायकांच्या पासबुकांवरून आम्ही दोन रविवार बसून पुन्हा भरल्या. अखेरीस ३१ रुपयांची तफावत उरली. ती तिने स्वतःच्या पदरची भरली, मला भरू दिली नाही.