पंचेचाळीस पौंडांचा बुटका

नोकरीसाठी नॉटिंगहॅमला आलो, तेव्हा हे गाव माझ्या लेखी रॉबिन हूडचं होतं. इथल्या हौशी खेळाडूंच्या लेखी ते 'वॉरहॅमर'चं गाव आहे. हा खेळ काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय इथल्या लेंटन भागात आहे. ऑफिसातही शनिवारी टेबलावर चिमुकल्या फिगरचं सैन्य मांडून बसणारा कुणी ना कुणी निघतोच. त्यांच्या नादाने मलाही वेड लागलं, आणि जीव जडला तो 'स्क्वॅट' नावाच्या दाढीवाल्या अंतराळवीर बुटक्यांवर. १९८७ साली या खेळाची अंतराळातली आवृत्ती 'वॉरहॅमर ४०,०००' आली, त्यापाठोपाठ हे आले आणि नव्वदच्या दशकात खेळातून हद्दपार झाले. २०२२ साली त्यांचे वारस वेगळ्या नावाने परतले, पण ते प्लॅस्टिकचे. जुने, धातूचे हवे असतील तर बहुतेकांना लिलावाच्या साइटचाच रस्ता धरावा लागतो.

माझ्या तुकडीत एक बंदूकधारी कमी होता. साइटवर तो दिसला. जेमतेम इंचभर उंची, किंमत ४५ पौंड. वर्णनात तीन विशेषणं होती: 'अतिदुर्मिळ', 'ऐंशीच्या दशकातला अस्सल' आणि 'प्रो पेंटेड'.

तिन्ही विशेषणं मी तपासली. या फिगरच्या पायाखाली एक पट्टी असते, ती प्लॅस्टिकच्या बैठकीतल्या खाचेत बसते. पट्टीवर बऱ्याचदा साल असतं आणि विक्रेते ते नाण्यावरच्या सालासारखं मिरवतात. प्रत्यक्षात ते मूळ शिल्पाच्या हक्काचं साल. रबरी साचा झिजला की मूळ नमुन्यावरून नवा करता येतो, त्यामुळे ओतकाम पुढे कित्येक वर्षं चालू राहू शकतं. दुर्मिळ म्हणावं, तर त्याच आठवड्यात तोच बुटका आणखी काही जणांकडेही 'अतिदुर्मिळ' होता. आणि 'प्रो पेंटेड' म्हणजे दाढीच्या बटा बुजून जाव्यात इतका जाड रंग. असा रंग काढायला इथले खेळाडू डेटॉल वापरतात. फिगर त्यात बुडवून ठेवायची, मग जुन्या टूथब्रशने घासायची. रंग पुरता निघेपर्यंत पाणी लावायचं नाही, नाहीतर त्याचा चिकट लगदा होतो. म्हणजे ज्या रंगाचे जादा पैसे मोजायचे, तो उतरवायला डेटॉलची बाटलीही आपणच आणायची!

क्लबातल्या एका मुरलेल्या खेळाडूला किंमत सांगितली, तर तो हसला. म्हणाला, "मागितलेला भाव काय बघतोस? विकलं गेलेलं बघ." साइटवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या काढता येतात. तसं केल्यावर तसलेच बुटके आठ ते चौदा पौंडांना गेलेले दिसले. चाळीसच्या पुढचे सगळे नुसते मांडलेले. नवा विक्रेता भाव ठरवताना तेच मांडलेले आकडे बघतो आणि त्यांच्या शेजारी आपला आकडा लावतो. माल मांडून ठेवायला फारसा खर्च नाही, घाई तर नाहीच. एखादा उतावळा आला की झालं.

साइटला लिलावाची म्हणायचं, पण तिथल्या कितीतरी वस्तूंवर बोली लागतच नाही. ठरलेल्या किमतीला घ्या, नाहीतर पुढे चला. खरा लिलाव मला मिळाला तो 'जुने खेळण्यातले सैनिक' अशा मोघम नावाखाली. फोटो धूसर, त्यात मोडके रणगाडे, हात तुटलेले योद्धे आणि कोपऱ्यात माझा बंदूकधारी. सुरुवात ९९ पेन्सपासून. नाव दिलेलं नसल्यामुळे शोधात तो सापडणार नाही, असं वाटलं होतं, पण माझ्यासारखे डोळे आणखीही होते. शेवटच्या मिनिटाला बोली भराभर चढली आणि तो ढीग २६ पौंडांना दुसऱ्याच कुणाला गेला. वाईट वाटलं, तरी अख्ख्या ढिगाची किंमत एकट्या बुटक्यासाठी मागितलेल्या भावाच्या खूप खाली थांबली होती.

मग पहिल्या विक्रेत्याला मी नम्रपणे लिहिलं, हा बुटका बारा-तेरा पौंडांना जातो, चौदा देतो. उत्तर तासाभरात आलं: "त्यांचा जात असेल. माझा जात नाही."

त्याचं म्हणणं अगदी खरं होतं. तो अजून गेलेला नाही.