वहिवाट

भाषाविज्ञानाकडे वळण्यापूर्वी मी दीड वर्ष वकिली केली, हे माझ्या फार थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. न्यायव्यवहारातील मराठीचा अभ्यास करताना आपल्यासमोर दावा, कैफियत, दरखास्त अशा शब्दांच्या याद्या येतील. त्या पाठ करण्यापूर्वी माझ्या हातून घडलेली एक चूक आपणांस सांगावीशी वाटते.

१९९७ साली सनद मिळाली आणि मी घोटीला एका ज्येष्ठ वकिलांकडे बसू लागलो. मुंबई-आग्रा महामार्गावरील घोटी हे भाताच्या व्यापाराचे गाव. तालुक्याचे ठिकाण मात्र इगतपुरी. साहेबांचे कार्यालय म्हणजे बाजारपेठेतील एका दुकानावरची खोली. कायदा मी इंग्रजीतून शिकलो होतो. भारतीय पुरावा अधिनियमाची कलमे मला तोंडपाठ होती. पण वकालतनाम्यावर कोर्ट फीचे तिकीट किती रुपयांचे लावायचे, नकलेचा अर्ज कोणाच्या टेबलावर द्यायचा, पुकारा झाला आणि साहेब जागेवर नसले तर उठून काय म्हणायचे, यांतले काहीच ठाऊक नव्हते. हे सारे सहा महिन्यांत जमले. पक्षकाराचे म्हणणे लिहून काढणे मात्र मला पहिल्या दिवसापासूनच जमते, अशी माझी समजूत होती.

डोंगराकडच्या एका वाडीवरची विधवा बाई आमच्याकडे आली. नवऱ्याच्या पश्चात सातबारावर तिचे नाव लागले होते. परंतु पीकपाहणीत दोन वर्षे दिराचे नाव आले आणि त्या आधारावर तो भाताच्या खाचरांवर ताबा सांगू लागला होता. तिने मला सांगितले, “राब मी भाजते, आवणी मी करते, कापणीबी माझीच. त्यो कवा बांधावरबी आला नाही.” आवणी म्हणजे भाताची लावणी, इगतपुरीकडचा हा रोजचा शब्द. मी कागदावर लिहिले, ‘सदर मिळकत वादी हिच्या प्रत्यक्ष कब्जे-वहिवाटीत आहे.’ वाक्य भारदस्त उतरले म्हणून मला समाधान वाटले. ते तिला वाचून दाखवले. तिने मान डोलावली आणि अंगठा उठवला.

साक्षीच्या दिवशी साहेब नाशिकला गेले होते. सरतपासणी मी घेतली आणि ती बरी झाली. प्रतिपक्षाचे वकील अनुभवी होते; त्यांनी आवाज मुळीच न चढवता विचारले, “बाई, या शेतात तुमची वहिवाट नाही, हे खरं ना?”

ती म्हणाली, “खरं हाय. वहिवाट नाल्याच्या बांधावरून हाय, हितून नाही.”

‘वादग्रस्त शेतात माझी वहिवाट नाही, हे खरे आहे’ एवढे नोंदले गेले. उत्तराचा दुसरा भाग पुढच्या प्रश्नात बुडाला. तो नोंदवून घेण्याची विनंती करणे माझे काम होते. मी ती केली नाही. फेरतपासणी घ्यायची आहे का, असे विचारण्यात आले. मी “नाही” म्हणालो. उलटतपासणीत निघालेल्या गोष्टींचा खुलासा फेरतपासणीत करून घेता येतो, असे सांगणाऱ्या १३८व्या कलमावर परीक्षेत मी दोन पाने लिहिली होती.

वहिवाट या शब्दात ‘वाट’ स्पष्ट ऐकू येते, आणि त्या बाईच्या लेखी वहिवाट म्हणजे बैलगाडी जाण्याचा, डोक्यावर भारा घेऊन येण्याचा रस्ता. दाव्याच्या मसुद्यात तोच शब्द जमिनीचा उपभोग सांगतो. कायद्याला दोन्ही अर्थ परिचित आहेत. वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६च्या कलम ५खाली तहसीलदाराकडे जायचे. जमिनीच्या वहिवाटीला हरकत आली तर मनाई हुकमासाठी दिवाणी न्यायालयात. शब्द एक, कचेऱ्या दोन. न्यायालयातील मराठी अवघड होते ती फार्सी शब्दांमुळे, असे सर्रास म्हटले जाते. शिवकाळात रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोशात अशा शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले. तरी वकील, फिर्याद, जामीन, तारीख टिकून राहिले आणि वाडीवरच्या माणसालाही ते अडत नाहीत. अनोळखी शब्द ऐकला तर पक्षकार निदान विचारतो तरी. ओळखीचा शब्द ऐकून त्या बाईने मान डोलावली होती.

साहेबांनी साक्षीची नक्कल दोनदा वाचली. ते रागावले नाहीत. “आवणी हा शब्द तिनं दिला होता ना? मग तो गेला कुठं?” एवढेच त्यांनी विचारले. नंतर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम १७खाली साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. तो मंजूर झाला. प्रतिपक्षाला द्यावयाचा खर्च साहेबांनी आपल्या खिशातून भरला आणि त्याविषयी माझ्याशी कधी बोलले नाहीत.

तारीख पडली १९९८च्या जुलैत. त्याच महिन्यात, २१ तारखेच्या अधिसूचनेने, राज्य शासनाने जिल्हा व त्याखालील न्यायालयांची भाषा मराठी असल्याचे जाहीर केले. बार रूममध्ये तिच्यावर जोरात चर्चा झाली. मी गप्प बसून होतो. माझी चूक मराठीतच झाली होती. पुढे दाव्याचा निकाल बाईच्या बाजूने लागला, पण तोवर मी पुण्याला भाषाविज्ञानाच्या वर्गात दाखल झालो होतो.

त्या तारखेला साहेबांनी तिला दोनच प्रश्न विचारले. वहिवाट म्हणजे तुम्ही काय समजता? “जायची-यायची वाट.” खाचरात भात कोण लावतं? “मीच. दुसरं कोण लावील?” पाच मिनिटांत सारे आटोपले. बाहेर पाऊस कोसळत होता. पायऱ्यांवर इरले सावरीत तिने मला विचारले, “दादा, हे त्या दिवशीच का नाही इचारलं?”

मला उत्तर देता आले नाही. तिची आवणी निम्मी राहिली होती आणि बांधावर मजूर खोळंबले होते. घोटीची एसटी लागलेली दिसताच ती पाण्यातून धावत निघाली.