नाव आणि त्याचा गोतावळा

2014 साली ॲथेन्सच्या किफिसिया या उपनगरात बांधकामासाठी खोदकाम चालू असताना एका थडग्यात फुटका प्याला मिळाला. काळ्या झिलईचा, दोन कानांचा, मद्य पिण्याचा. तुकडे जुळवल्यावर त्याच्या अंगावर टोकदार वस्तूनं ओरखडलेली सहा नावं दिसली: आरिस्टायडीस, डिओडोटोस, डाइसिमोस, आरिफ्रॉन, पेरिक्लीस, युक्रिटोस. वर्तमानपत्रांनी साहजिकच पेरिक्लीसला मथळ्यात घेतलं. आमच्या कामातल्या माणसाचा जीव मात्र आरिफ्रॉनपाशी थबकतो. पेरिक्लीस नावाचे पुरुष ॲथेन्समध्ये आणखीही होऊन गेले. आरिफ्रॉन हे नाव अगदी विरळा. आणि ज्या पेरिक्लीसच्या काळात पार्थेनॉन उभं राहिलं, त्याच्या आजोबांचं नाव आरिफ्रॉन होतं, भावाचंही आरिफ्रॉन. प्याल्यावर आरिफ्रॉनच्या खाली पेरिक्लीस. हे ते दोघे भाऊच, असं म्हणायचं बळ अभ्यासकांना आलं ते या शेजारामुळे. आरिफ्रॉनचा तुकडा हरवला असता, तर हाती कुणीतरी एक पेरिक्लीस उरला असता, इतकंच.

मी ग्रीक शिलालेख लावते, आणि त्यातही माझा जीव नावांत गुंतलेला. हे काम करता करता एक मत पक्कं झालं आहे: नाव एकटं वाचू नये. बापाचं नाव, गाव, वरच्या-खालच्या ओळी, अक्षरांचं वळण, वस्तू कुठे आणि कशासोबत मिळाली, हा सगळा गोतावळा पाहिल्याशिवाय नाव बोलत नाही. आणि घाई केली तर भलतंच बोलतं.

लोक पहिल्यांदा अर्थ विचारतात. ग्रीक नावांना अर्थ असतो हे खरंच. पुष्कळशी नावं दोन शब्द जोडून केलेली: हेरोडोटोस म्हणजे हेरा देवीनं दिलेला, आर्टेमिडोरोस म्हणजे आर्टेमिसची देणगी. ‘हिप्पोस’ म्हणजे घोडा, आणि घोडा बाळगणं हे ऐपतीचं लक्षण, म्हणून खानदानी घरांत क्सांथिप्पोस, हिप्पोक्रातेस अशी नावं. ॲरिस्टोफेनीसच्या ‘मेघ’ या नाटकात याच गोष्टीवरून नवरा-बायकोचं भांडण आहे. बडेजावाची हौस असलेल्या आईला मुलाच्या नावात घोडा हवा असतो, आणि बापाला आजोबांचं नाव, म्हणजे काटकसर सुचवणारं फायडोनिडीस, ठेवायचं असतं. शेवटी तडजोड होऊन फायडिप्पिडीस असं नाव ठेवलं जातं. यातली आजोबांची बाजू आम्हाला फार उपयोगाची. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायचं, ही ग्रीकांची जुनी चाल. त्यामुळे एकाआड एक पिढीत तेच नाव परत येतं आणि विखुरलेल्या दगडांतून वंशावळ जुळवता येते. पण याचाच दुसरा अर्थ असा, की मुलाचं नाव अर्थ पाहून ठेवलेलं नसे, ते घरातून चालत आलेलं असे. क्सांथिप्पोसच्या तबेल्यात घोडा होता की नव्हता, हे नावावरून ठरवता येत नाही.

रोमन काळातल्या इजिप्तमध्ये ग्रीक कागदपत्रांत कोप्रेउस, कोप्रिया अशी नावं सापडतात. ‘कोप्रोस’ म्हणजे शेण, उकिरडा. ही उकिरड्यावर टाकलेली आणि कुणीतरी उचलून वाढवलेली मुलं, असं काही विद्वानांनी मांडलं. मराठी माणसाला इथे लगेच दुसरं काही आठवतं. आपल्याकडे मुलं जगत नसली की नंतरच्या मुलाला दगडू, धोंडू, केरू, उकिर्डा म्हणत; नजर लागू नये, मृत्यूनं त्याच्याकडे वळूनही पाहू नये म्हणून. हा पर्याय परदेशी अभ्यासकांनीही मांडलेला आहे, आणि मला तो जास्त जवळचा वाटतो. तरीही कागदावर एखादा कोप्रेउस दिसला की मी दोन्ही गोष्टी बाजूला ठेवते आणि आधी त्याच्या बापाचं नाव पाहते. कारण हे नावही पुढे घराण्यात चालू राहिलं. आजोबा कोप्रेउस असेल, तर नातू केवळ आजोबांमुळे कोप्रेउस.

ॲथेन्सच्या नागरिकाचं पूर्ण नाव तीन भागांचं: स्वतःचं, बापाचं आणि डीमचं. डीम म्हणजे गाव किंवा वस्ती. क्लाइस्थेनीसनं इ.स.पू. 508 च्या सुमारास नागरिकांची नोंद डीमवार केली. असे डीम 139. एखाद्याला दहा वर्षं हद्दपार करायचं का, हे ठरवताना लोक खापरीवर नाव खरवडून टाकत, त्या खापऱ्यांवर हे तिन्ही भाग वाचायला मिळतात. थेमिस्टोक्लीस, निओक्लीसचा, फ्रेआरिओस. हे फ्रेआरिओस म्हणजे आपल्याकडचं ‘कर’ लावलेलं आडनाव समजा. नाशिककर चार पिढ्या पुण्यात राहिले तरी नाशिककरच. तसं डीमचं नाव बापाकडून मुलाकडे येई, मुक्काम कुठेही असो. म्हणून फ्रेआरिओस वाचून थेमिस्टोक्लीसच्या घराचा पत्ता सांगणं चूक. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या, नागरिक नसलेल्या माणसाची ओळख मात्र वेगळ्या शब्दांत करून देत: ‘अमुक डीममध्ये राहणारा’. तो खरोखर पत्ता असे. माणसाचा दर्जा या दोन-तीन शब्दांच्या फरकात असतो, आणि दगड नेमका तिथेच झिजलेला असला की दिवस जातो.

खापऱ्यांचं आणखी थोडं सांगते, कारण नावाचा शेजार म्हणजे काय ते तिथे फार स्वच्छ दिसतं. केरामेइकोस भागातल्या उत्खननात हजारो खापऱ्या निघाल्या. त्यांतल्या 4,000 हून जास्त एकट्या मेगाक्लीसच्या, हिप्पोक्रातेसच्या मुलाच्या नावाच्या. त्याआधी 1937 साली अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत ऑस्कर ब्रोनीर यांना थेमिस्टोक्लीसच्या नावाच्या 190 खापऱ्या मिळाल्या होत्या. एकेक खापरी हातात घेतली तर एकेका नागरिकाचा राग. सगळ्या एकत्र मांडल्यावर ब्रोनीर यांना हस्ताक्षरं दिसली फक्त 14. मूठभर माणसांनी बसून खापऱ्या लिहून ठेवल्या होत्या, वाटण्यासाठी. नाव तेच, पण त्याचा अर्थ हस्ताक्षरं शेजारी ठेवल्यावर पार बदलला. खापऱ्यांवर हे नाव पुष्कळदा ‘थेमिस्थोक्लीस’ असं, मध्ये ‘थ’ घालून लिहिलेलं आहे. ग्रंथांतलं रूप प्रमाण मानून त्याला अशुद्ध म्हणू नये. ज्यांनी त्याला सभेत बोलताना ऐकलं, त्यांनी ते लिहिलं आहे.

लिपीचं वळण समजून न घेता नाव वाचणं धोक्याचं, याचं माझं आवडतं उदाहरण ऑलिंपियाचं. तिथे झ्यूसची सोन्या-हस्तिदंताची भव्य मूर्ती घडवणाऱ्या फिडियासची कार्यशाळा खणताना 1958 साली एक लहानसा काळा मग मिळाला. बुडाला कोरलं होतं: ‘फेइदिओ एइमि’. जुन्या लिपीत ‘ओ’चं एकच अक्षर आखूड ‘ओ’, लांब ‘ओ’ आणि ‘ऊ’कडे झुकणारा स्वर, तिघांसाठी चाले. म्हणून ‘फेइदिओ’ हे पुढच्या काळातलं ‘फेइदिऊ’, म्हणजे षष्ठी. मी फिडियासचा आहे, असं तो मग सांगतो. ॲथेन्समध्ये ही लिपी इ.स.पू. 403 मध्ये अधिकृतपणे बदलली, आणि तो एक आकडा आम्हाला रोज लागतो. केरामेइकोसमधल्या सुप्रसिद्ध थडग्यावर दागिना निरखणारी स्त्री बसलेली आहे. वर लिहिलं आहे: ‘हेगेसो प्रोक्सेनो’. नवखा वाचक दोन स्त्रिया समजेल, कारण शिल्पातही दोघी आहेत, एक बसलेली आणि एक पेटी घेऊन उभी. पण दुसरा शब्द षष्ठीत आहे. प्रोक्सेनोसची मुलगी हेगेसो. पेटी धरलेल्या बाईचं नाव दगडावर नाही.

फिडियासच्या मगाबद्दल एक राहिलं. फिडियास नावाची माणसं अनेक असणार. हा मग त्याच शिल्पकाराचा म्हणायचा, तो मूर्तीच्या वस्त्राच्या चुण्यांचे मातीचे साचे आणि हस्तिदंताचे तुकडे त्याच जागी मिळाले म्हणून. तोच मग एखाद्या दुकानदाराकडे आढळला असता, तर मी त्यावर एक ओळही लिहिली नसती. चोरून खणलेल्या वस्तूंचं दुःख आहे ते हेच. नाव शाबूत राहतं आणि त्याचा गोतावळा कायमचा जातो.

षष्ठीसुद्धा नेहमी बापाचीच असते असं नाही. इरेक्थिऑन मंदिराचे बांधकामाचे हिशेब दगडावर कोरलेले आहेत. खांबांवर उभ्या पन्हळी कोरणाऱ्या कारागिरांना दिलेली मजुरी त्यात आहे. सिमियास, आलोपेकेमध्ये राहणारा. म्हणजे नागरिक नव्हे. पुढे सोसांद्रोस, सिमियासचा. मुलगा? नाही, गुलाम. सोसांद्रोस हे नाव ‘माणसांचा तारणहार’ अशा चांगल्या अर्थाचं. एकटं वाचलं तर कुणा घरंदाज माणसाचं वाटावं. उलट दिशेनंही तसंच. इ.स.पू. 415 मध्ये ॲथेन्समध्ये हर्मीसच्या मूर्तींची तोडफोड झाली. त्या प्रकरणातल्या दोषींची मालमत्ता लिलावात विकली गेली आणि यादी दगडावर कोरली. त्यात पिरीयस बंदरात राहणारा केफिसोडोरोस आहे. केफिसोस ही ॲथेन्सची नदी, तेव्हा नाव अस्सल स्थानिक. पण दगडच सांगतो, हा परका रहिवासी.

त्या केफिसोडोरोसच्या मालमत्तेत 16 गुलाम आहेत. थ्रेसची बाई, 220 ड्राख्मा. सीरियाचा पुरुष, 301. कारियाचा लहान मुलगा, 72. इलिरियाचे दोघे, एक सिथियन, एक कोल्किसचा. किंमत प्रत्येकाची लिहिली आहे, देश प्रत्येकाचा लिहिला आहे, नाव एकाचंही नाही. या ओळींचा ठसा समोर घेऊन बसले की मला पुढच्या ओळीकडे जावत नाही. ही यादी वाचल्यावरच लॉरिऑनच्या खाणीतला आटोटास मला नीट कळला. इ.स.पू. चौथ्या शतकातला हा खाणकामगार. आटोटास हे काळ्या समुद्राकडच्या पाफ्लागोनियाचं नाव. त्याच्या थडग्यावरच्या छंदोबद्ध लेखात तो सांगतो की कसबात माझ्या तोडीचा कुणी नव्हता, आणि मी पिलाइमेनेसच्या वंशातला, जो अकिलिसच्या हातून पडला. हजारो माणसं राबली त्या खाणींत याचं आपल्या देशाचं नाव टिकलं, कसब टिकलं, पूर्वजही टिकला.

तुटलेल्या अक्षरांच्या जागी आपण जे भरतो ते चौकोनी कंसात लिहायचं, हा 1931 पासूनचा लायडनचा शिरस्ता. आडवी रेघ झिजली की ग्रीक ‘आ’, ‘ल’ आणि ‘द’ एकसारखे दिसतात. म्हणून ठशावर बाजूनं उजेड पाडून बघत राहायचं. त्यानंतर लागतो तो ऑक्सफर्डचा ग्रीक व्यक्तिनामांचा कोश. पीटर फ्रेझर यांनी 1972 मध्ये त्याचं काम सुरू केलं आणि 1987 मध्ये पहिला खंड आला. कुठल्या नावाची माणसं कुठल्या शहरात, कुठल्या शतकात, हे त्यात मिळतं. ‘-ओंदास’ असा शेवट म्हणजे बहुधा बोइओशियाचा माणूस, एपामिनोंदाससारखा. कंसात नाव भरताना अभ्यासकाला प्रसिद्ध माणूस आठवावा, हा मोह मोठा आहे. तो मोह मला सरळ अप्रामाणिकपणा वाटतो. त्या जागी दुसऱ्या कुणाचं तरी आयुष्य होतं.

कंदाहारला एक ग्रीक शिलालेख मिळाला, 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तम ग्रीक पद्य, आणि ओळींची पहिली अक्षरं उभी वाचली की कर्त्याचं नाव उमटतं: सोफिटोस, नाराटोसचा. ही दोन्ही नावं ग्रीक नाहीत. ती सुभूती आणि नारद असावीत, असं अभ्यासकांनी दाखवलं, आणि मला ते पटतं. आता नाशिकची पांडवलेणी आठवा. तिथल्या सतराव्या लेण्याचा दाता स्वतःला यवन (म्हणजे ग्रीक), उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा रहिवासी म्हणवतो. नाव इंद्राग्निदत्त, बाप धर्मदेव, मुलगा धर्मरक्षित. कंदाहारला ग्रीक पद्याखाली भारतीय नाव, आणि नाशिकला भारतीय नावाखाली यवन. जुन्नरच्या लेण्यांत दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, दान देणारा यवन इरिल आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांब देणारे धेनुकाकटचे यवन आहेत. ‘यवन’ हा शब्द झिजून गेला असता तर इंद्राग्निदत्ताला आपण डोळे झाकून इथलाच मानला असता.

तेव्हा एक विनंती. लेण्यात, देवळाच्या उंबऱ्यावर, वीरगळावर, चर्चच्या आवारातल्या फरशीवर कुठेही कोरलेलं नाव दिसलं, तर फोटो फक्त नावाचा काढू नका. पूर्ण दगडाचा काढा, शेजारच्या दगडांचाही काढा, आणि जागा लिहून ठेवा. अक्षरं ठळक दिसावीत म्हणून खडू फिरवू नका, आणि गावात कुणी लेखावर ऑइलपेंट लावत असेल तर त्याला थांबवा. सकाळी किंवा उतरत्या दुपारी तिरपा उजेड असताना गेलात, तर बरीचशी अक्षरं नुसत्या डोळ्यांनी वाचता येतात.